श्रोत्याचे स्थान : पुराणकथन आणि मराठी ख्रिस्ती लेखन

१

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या नकाशावर कारंजा लाड या गावाचे नाव येत नाही. वाशीम जिल्ह्यातील हे जुने व्यापारी गाव ओळखले जाते ते दोन वेगळ्याच कारणांनी. दत्तसंप्रदायात ते नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आहे, तर जैन परंपरेत सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन शाखांच्या भट्टारकपीठांचे आणि त्यांच्या ग्रंथभांडारांचे गाव आहे. याच भांडारांतील हस्तलिखितांच्या आधारे डॉ. हिरालाल जैन आणि डॉ. प. ल. वैद्य यांनी १९३० नंतरच्या दशकात ‘जसहरचरिउ’, ‘णायकुमारचरिउ’, ‘करकंडचरिउ’ अशा अपभ्रंश ग्रंथांची संपादने सिद्ध केली. त्यामुळे भाषाभ्यासकांना मराठीच्या पूर्वावस्थेचा एक मोठा आधार मिळाला. असे असूनही मराठी ख्रिस्ती लेखनाच्या विचारास या गावापासून प्रारंभ करणे उपयुक्त ठरते. धर्मश्रद्धा मराठीत ग्रंथरूप घेते तेव्हा ती कोणत्या कथनव्यवस्थेचा आश्रय करते, हे येथे एकाच वस्तीत, दोन परस्परभिन्न धर्मांच्या संदर्भात पाहावयास मिळते.

सरस्वती गंगाधरांच्या ‘गुरुचरित्रा’त अकराव्या अध्यायात कारंज्याचा उल्लेख येतो. अंबा आणि माधव या दांपत्याच्या पोटी नरहरी जन्मास येतो, मौजीबंधनापर्यंत ओंकाराखेरीज काही बोलत नाही आणि मुंज होताच वेद उच्चारतो, ही कथा येथे घडते. परंतु ग्रंथात ती थेट सांगितली जात नाही. नामधारक विचारतो आणि सिद्ध सांगतो. प्रत्येक अध्यायाच्या आरंभी श्रोत्याची जिज्ञासा आणि शेवटी त्याचे समाधान, अशी ही रचना आहे. जैन पुराणांतही व्यवस्था फारशी निराळी नाही. तेथे मगधाचा राजा श्रेणिक प्रश्न करतो आणि महावीरांचे गणधर गौतम त्याचे निरसन करतात. संस्कृत-प्राकृत जैन पुराणांतील ही चौकट मराठी जैन कवींकडेही वारसाहक्काने आली. रामकथा असो की कृष्णकथा, ती ओवीत येते, प्रश्नोत्तरांच्या अंगाने येते आणि आपल्या धर्मदृष्टीने नव्याने उभी राहते. म्हणजे कारंज्याच्या एका आळीत सिद्ध आणि नामधारक बोलत होते, तर दुसरीत गौतम आणि श्रेणिक. देव निराळे, मोक्षाच्या कल्पना निराळ्या, परंतु श्रोत्याला बसण्यासाठी मांडलेले आसन एकच.

मराठी ख्रिस्ती लेखकांच्या श्रद्धेने त्यांच्या लेखनाला कसे घडविले, या प्रश्नाची चर्चा बहुधा आशयाच्या अंगाने झाली आहे. कोणत्या लेखकाने कोणते ख्रिस्ती तत्त्व मांडले, हिंदू धर्मावर कोणती टीका केली, प्रचार किती आणि कला किती, हे त्या चर्चेचे ठरलेले मुद्दे होत. या चर्चेत एक गोष्ट निसटते. श्रद्धा लेखकाला काय सांगायचे ते देते, त्याचप्रमाणे कोणाला सांगायचे आणि ऐकणाऱ्याने काय करायचे हेही ती ठरविते. मराठी ख्रिस्ती लेखनातील खरे स्थित्यंतर आशयात शोधण्याऐवजी श्रोत्याच्या स्थानात शोधले, तर थॉमस स्टीफन्सपासून लक्ष्मीबाई टिळकांपर्यंतचे लेखन एका सलग प्रश्नाला दिलेली निरनिराळी उत्तरे म्हणून वाचता येते.

२

थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुख्यतः साष्टी प्रांतात राहिला. त्याचा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. पोर्तुगीज शीर्षकात त्याला येशूच्या जगातील आगमनाविषयीचे प्रवचन म्हटले आहे. लोकांनी मात्र त्याला ‘पुराण’ म्हटले आणि तेच नाव टिकले. सुमारे अकरा हजार ओव्या आणि दोन भाग असा त्याचा विस्तार आहे. ‘पैले पुराण’ जुन्या कराराचे आणि ‘दुसरे पुराण’ ख्रिस्तचरित्राचे.

या ग्रंथाच्या निर्मितीचे कारण ग्रंथातच एका श्रोत्याच्या तोंडून येते. साष्टीतील एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही? या प्रश्नाचे महत्त्व दुहेरी आहे. कथनरूपाच्या दृष्टीने तो नामधारकाच्या आणि श्रेणिकाच्या प्रश्नाच्या जातीचा आहे. वक्त्याला बोलते करण्यासाठी श्रोता हवा, हा पुराणाचा नियम स्टीफन्सने पाळला. परंतु इतिहासाच्या दृष्टीने हा प्रश्न त्या दोघांच्या प्रश्नांहून सर्वस्वी वेगळा आहे. नामधारकाच्या किंवा श्रेणिकाच्या हातून कोणी पूर्वीचा ग्रंथ काढून घेतलेला नव्हता. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली. गोव्यात इन्क्विझिशन १५६० पासून होते. १५८३ मध्ये कुंकळ्ळीस रुडोल्फ आक्वाविवा आणि त्याचे जेझुइट सहकारी मारले गेले आणि त्यानंतर ग्रामस्थांवर सूड उगविला गेला. ख्रिस्तपुराणातील श्रोता या राखेवर बसून प्रश्न विचारतो. त्याच्या नम्र जिज्ञासेत एक तक्रार दडलेली आहे, आणि ती तक्रार नोंदविण्याइतका प्रामाणिकपणा ग्रंथकर्त्याजवळ होता.

याच काळात गोव्यातील पाद्र्यांच्या हाती मराठी हस्तलिखिते पडली, त्यांचा अभ्यास झाला, रोमन लिपीत त्यांची लिप्यंतरे झाली. त्यांपैकी काही आज पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आहेत. ज्या ग्रंथांवर बंदी आली त्यांचीच भाषा आणि रचना अभ्यासून नवा ग्रंथ उभा राहिला. स्टीफन्सचे मंगलाचरण ज्ञानेश्वरीच्या नमनाची आठवण देते. स्वर्गासाठी तो ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोचपणे वापरतो. संस्कारविधींची नावे मात्र तो बहुधा पोर्तुगीज-लॅटिन ठेवतो. हा भेद शिथिलपणातून आलेला नाही. वर्णनाची, भावनेची, निसर्गाची भाषा मराठीकडून घ्यायची, परंतु जेथे विधीची वैधता गुंतलेली आहे तेथे भाषांतराचा धोका पत्करायचा नाही, ही त्यामागील धर्मशास्त्रीय सावधगिरी होय. श्रद्धेने लेखनाला कोठे मोकळे सोडले आणि कोठे लगाम घातला, याची रेषा शब्दसंग्रहातच आखलेली दिसते.

येथे जैन पुराणांशी तुलना उद्बोधक ठरते. मराठी जैन कवीने राम-कृष्णांच्या कथा घेतल्या आणि त्यांचा अर्थ बदलला. कथा ओळखीची, तात्पर्य नवे. स्टीफन्सचे काम उलट्या दिशेचे होते. त्याची कथा पूर्णपणे अनोळखी होती, म्हणून सांगण्याची रीत ओळखीची असणे त्याला भाग होते. ओवी त्याच्याकडे केवळ अलंकार म्हणून आली नाही. परकी कथा ऐकून घेतली जाण्याची तीच अट होती. मराठी ही मातृभाषा नसलेल्या कवीने मराठीत पुराण रचावे, हेही त्या काळात अनन्यसाधारण नव्हते. गुरुचरित्रकार सरस्वती गंगाधरही कन्नडभाषी होते, असे मानले जाते. सतराव्या शतकाच्या आरंभी मराठी ओवी ही एखाद्या जातीची किंवा धर्माची मालमत्ता नव्हती, असा याचा अर्थ होतो. ती सार्वजनिक पाणवठ्यासारखी होती, परंतु त्या पाणवठ्यावर येणारा प्रत्येकजण सारख्याच अधिकाराने येत नव्हता. स्टीफन्सच्या पाठीशी राजसत्ता होती.

त्याच्या ग्रंथाने श्रोत्यास दिलेले स्थान अखेर पारंपरिकच राहिले. श्रोत्याने प्रश्न विचारावा, ऐकावे आणि मान्य करावे. प्रश्न विचारणारा ब्राह्मण पुरुष, उत्तर देणारा पाद्री गुरू. गुरूची जागा बदलली, गुरुत्वाची कल्पना बदलली नाही. असे असले तरी हे पुराण ऐकणाऱ्यांनी ते आपलेसे केले, याला इतिहासाची साक्ष आहे. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्धच फर्मान काढले, त्यानंतरही ते हस्तलिखितांच्या रूपाने टिकून राहिले. गोव्याबाहेर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते कर्नाटकाच्या किनाऱ्यावर जतन केले आणि १९०७ मध्ये मंगळूर येथे जे. एल. साल्ढाणा यांनी त्याची आवृत्ती काढली. देवनागरीत ते शांताराम बंडेलू यांच्या संपादनामुळे १९५६ मध्ये आले. नागरी ठसे पाडून हे लेखन छापावे ही स्टीफन्सची स्वतःची इच्छा होती. ती पुरी होण्यास तीनशे चाळीस वर्षे लागली. ज्या सत्तेने पुराण लिहवून घेतले तिनेच त्याची भाषा दडपली, आणि श्रोत्यांनी ते वाचविले.

३

एकोणिसाव्या शतकात मिशनरींच्या मुद्रणालयांनी मराठी गद्य घडविण्यास आरंभ केला, तेव्हा पुराणाची चौकट मोडली. हरि केशवजी यांनी १८४१ मध्ये बनियनच्या ग्रंथाचे ‘यात्रिक क्रमण’ हे भाषांतर केले. सोळा वर्षांनी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ आले. पदमनजी १८३१ मध्ये बेळगावात जन्मले आणि १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पुस्तकाच्या जोडशीर्षकात हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे ‘निरूपण’ असा शब्द आहे. निरूपण हा शब्द कीर्तनकाराचा आणि पुराणिकाचा, तर पर्यटन हा शब्द तीर्थयात्रेच्या जवळचा. दोन्ही शब्द जुन्या धर्मव्यवहारातून आलेले आहेत आणि दोहोंचा रोख उलटा केलेला आहे. यमुना पतीसह प्रवास करते, परंतु मुक्कामाच्या ठिकाणी तिला देवाऐवजी विधवा भेटतात. प्रत्येक थांब्यावर एक दुःखकथा, आणि अखेरीस यमुना स्वतः त्या कथांतील एक होते. विनायकाच्या मृत्यूनंतर ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. पुस्तक त्यानंतर वर्षभराने आले. कायद्याने दिलेली मोकळीक प्रत्यक्षात कोणाच्या वाट्याला येणार, हा प्रश्न तेव्हा ताजा होता. मराठी समीक्षेने या पुस्तकाच्या प्रचारकी शेवटास बराच दोष दिला, आणि तो अकारण नाही. शेवटच्या भागात लेखकाची श्रद्धा कथेला आपल्या इच्छित स्थळी ओढत नेते. परंतु भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रेरणांचा विचार करताना ‘यमुनापर्यटना’स दिलेले महत्त्वाचे स्थान लक्षात घेतले, तर या पुस्तकाचे बळ त्याच्या वास्तवाभिमुखतेत आहे हे मान्य करावे लागते. त्या वास्तवाभिमुखतेचा उगम कशात आहे, हा पुढचा प्रश्न होय. तो लेखकाच्या धर्मांतरात आहे, असे म्हणण्यास आधार आहे. ज्या व्यवस्थेत माणूस जन्मतो तिच्याकडे तिच्या बाहेर पडलेल्याच्या नजरेने पाहण्याची संधी पदमनजींना धर्मांतराने दिली. जे रोजचे होते ते त्यांना विचारण्याजोगे वाटू लागले.

श्रोत्याच्या दृष्टीने पाहिले तर येथे मोठा बदल घडला आहे. पुराणात श्रोता बसलेला असतो, येथे तो चालू लागतो. शिवाय तो श्रोता आता स्त्री आहे. यमुना ऐकते, विचारते आणि मग स्वतःच्या आयुष्याविषयी निर्णय घेते. तिचा निर्णय लेखकाने आधीच ठरविलेला आहे, ही या रचनेची मर्यादा. ऐकणारीला निर्णय घेण्याचा अधिकार आहे, हे तिचे यश.

४

हा मुद्दा स्पष्ट होण्यासाठी पुन्हा कारंज्याच्या कथेकडे वळणे आवश्यक आहे. गुरुचरित्रातील कारंज्याच्या प्रसंगांत दोन स्त्रिया ठळकपणे येतात. मुलगा संन्यास घेऊन जाणार म्हणून शोक करणारी माता अंबा, आणि तीस वर्षांनी गुरू परत गावी येतात तेव्हा आपल्या भविष्याविषयी विचारणारी भगिनी रत्नाई. ग्रंथ त्यांच्या दुःखाची दखल घेतो, त्यांना उत्तरही देतो. परंतु ज्या ग्रंथात त्यांचे प्रश्न आहेत त्या ग्रंथाचे पारायण स्त्रियांनी करू नये, असा संकेत दीर्घकाळ पाळला गेला. स्त्री कथेत असू शकत होती, श्रोत्यांत असू शकत होती, पोथीसमोरच्या पाटावर मात्र नव्हे.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य या पाटावर सुरू झाले. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविले आणि तिने मुलीस. तीर्थक्षेत्रांतून हिंडत देवळांत पुराणे वाचणे हा या कुटुंबाचा चरितार्थ होता. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेली. उरलेली बहीणभावंडे पायी देशभर फिरत राहिली. १८७८ मध्ये कलकत्त्यास विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले ते संस्कृत पुराणांच्या याच अधिकारामुळे. नंतरच्या काळात आपल्या साक्षीत त्यांनी या व्यवसायाचे जे वर्णन केले त्याचा रोख असा की, पुराणिक संस्कृतात वाचतो, लोक भोवती बसतात, फूल-दक्षिणा वाहतात आणि पुण्य मिळवून जातात. अर्थ कळण्याची अपेक्षा कोणाचीच नसते. पुराणव्यवस्थेवरील ही टीका बाहेरच्या मिशनऱ्याची नाही. व्यासपीठावर बसून श्रोत्यांचे चेहरे पाहिलेल्या पुराणिकेची ती आहे.

रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तेथील भगिनींशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाने १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून दिसते की, नव्या धर्मातही गुरूची जागा कोणास द्यावयास त्या तयार नव्हत्या. चर्चच्या अधिकाऱ्याने सांगितले म्हणून सिद्धान्त मान्य करणे त्यांनी नाकारले आणि निर्णयाचा अधिकार स्वतःच्या विवेकबुद्धीकडे ठेवला. स्टीफन्सच्या ग्रंथातील श्रोत्याने पुराण मागितले होते. रमाबाईंनी पुराणही नाकारले आणि पुराण सांगणाऱ्याचा निर्विवाद अधिकारही नाकारला.

या नकाराची भाषिक परिणती त्यांच्या बायबल-भाषांतरात झाली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी ते काम एकटीने अंगावर घेतले. एप्रिल १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी ते पूर्णत्वास नेले आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असलेल्या या लेखिकेने दर्शनांच्या परिभाषेने भारलेले शब्द शक्यतो टाळले. केडगावच्या मुक्तिसदनातील अल्पशिक्षित स्त्रीला समजेल ती मराठी, हा त्यांचा निकष होता. या भाषेला रूक्ष म्हणणे सोपे आहे. वस्तुतः तो एक काव्यशास्त्रीय निर्णय होता. जो शब्द ऐकताच श्रोत्याच्या मनात जुन्या अर्थाची सावली उमटते तो टाळायचा, कारण कळल्याशिवाय श्रवण म्हणजे पुन्हा तीच फुले आणि तीच दक्षिणा. स्टीफन्सने ‘वैकुंठ’ स्वीकारले ते ऐकणाऱ्यास घरचे वाटावे म्हणून. घरचे वाटणे हीच रमाबाईंना अडचण वाटत होती. श्रद्धा एकाच ग्रंथावरची असूनही दोन लेखकांच्या भाषा विरुद्ध दिशांनी गेल्या, कारण श्रोत्याविषयीची त्यांची कल्पना विरुद्ध होती.

या बायबलाचे खिळे जुळविण्याचे आणि छपाईचे काम मुक्तिसदनातील स्त्रियांनीच केले, ही बाब मुद्रणाच्या इतिहासात एक तपशील म्हणून नोंदली जाते. ती समीक्षेच्या इतिहासातही नोंदली गेली पाहिजे. ज्यांना पोथीस हात लावण्याची मुभा नव्हती त्यांच्या हातांनी येथे अक्षरामागून अक्षर लावून धर्मग्रंथ सिद्ध केला. श्रोता ग्रंथाच्या निर्मितीत उतरला.

रमाबाईंच्या मार्गाची किंमतही मोजली पाहिजे. अर्थाची सावली टाळताना लयीची सावलीही गेली. हे भाषांतर आदराने उल्लेखिले जाते, परंतु ओवीअभंग जसे ओठांवर बसतात तसे ते बसले नाही. परंपरेचा पूर्ण त्याग केला की नैतिक स्पष्टता मिळते, पण सामूहिक स्मृतीचा आधार सुटतो.

५

नारायण वामन टिळक यांनी हा सुटलेला आधार पुन्हा धरला. त्यांचे धर्मांतर विदर्भाच्या भूमीशी जोडलेले आहे. नागपुरातील वास्तव्यानंतर १८९३ मध्ये राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, ही त्यांची धारणा प्रसिद्ध आहे. ‘अभंगांजली’तील रचना, ख्रिस्ती उपासनेत आणलेली भजने, ख्रिस्ती कीर्तन या सर्वांमागे ती धारणा आहे.

टिळकांनी श्रोत्याला दिलेले स्थान सहगायकाचे आहे. अभंग ऐकायचा नसतो, तो धरायचा असतो. पहिल्या पुरुषातील आर्तता गाणाऱ्या प्रत्येकाची होते, त्यामुळे वक्ता आणि श्रोता यांतील अंतर गाण्यापुरते तरी नाहीसे होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची वेतनी चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. काव्यरूपातील सहगायनाचे संस्थेत झालेले ते रूपांतर होय. १९१९ मध्ये मृत्यू आल्याने तो प्रयोग अल्पकाळच चालला, पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. वाङ्मयप्रकाराची निवड ही श्रद्धेच्या सामाजिक स्वरूपाचीही निवड असते. ज्याने अभंग निवडला त्याला दिंडीसारखा मोकळा समाज हवासा वाटणे स्वाभाविक होते आणि मिशनची शिस्तबद्ध रचना त्यात बसणे कठीण होते.

पुराणाची ओढ मात्र टिळकांनाही सुटली नाही. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य त्यांनी हाती घेतले आणि ते अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्याही हयात नव्हत्या. अपुऱ्या पुराणास दुसऱ्या हाताने पूर्ण करण्याची रीत मराठीत जुनीच आहे. जैन कवी जिनदासाचे ‘हरिवंशपुराण’ पुण्यसागराने पूर्ण केले. परंतु तेथे कवीच्या मागे कवी आला. येथे पुराणकाराच्या मागे आलेली स्त्री लहानपणी कोणत्याही शाळेत गेलेली नव्हती आणि अक्षरओळख तिला लग्नानंतर पतीकडून झाली होती. तिची स्वतःची ओवी जात्यावरची होती. ग्रंथांतली ओवी आणि जात्यावरची ओवी या शतकानुशतके शेजारी राहूनही स्वतंत्र नांदलेल्या दोन परंपरा ‘ख्रिस्तायना’त एका लेखणीतून उतरल्या. काव्यगुणांच्या दृष्टीने हे महाकाव्य सर्वत्र सारखे नाही. तरी श्रोतीने पुराणकर्तीची जागा घेतल्याची ही घटना मराठी वाङ्मयेतिहासात अपूर्व आहे.

६

लक्ष्मीबाईंचे खरे सामर्थ्य मात्र ‘ख्रिस्तायना’त नसून १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त आहे, हे सर्वमान्य आहे. धर्मांतरित लेखकाच्या आत्मचरित्राचा एक ठरलेला साचा असतो. आधी अंधार, मग प्रकाश, मग कृतज्ञता. ‘स्मृतिचित्रे’ या साच्यात बसत नाहीत. पतीच्या बाप्तिस्म्यानंतरची वियोगाची वर्षे, पंढरपुरातील वास्तव्य, पुन्हा एकत्र येणे, सोवळ्याची पकड हळूहळू सुटणे आणि १९०० मध्ये राहुरीस स्वतः घेतलेला बाप्तिस्मा या सर्व घटना तेथे आहेत. परंतु त्यांचा क्रम निर्णायक क्षणाकडे चढत जात नाही. श्रद्धा येते ती स्वयंपाकघरातून, पाण्याच्या भांड्यातून, आजाऱ्याच्या शुश्रूषेतून, दुसऱ्याचे मूल घरात घेण्यातून.

या गद्याची विनोदबुद्धी हा त्याचा अलंकार नाही. तीच त्याची धर्मदृष्टी आहे. लक्ष्मीबाई पतीच्या लहरीपणावर हसतात, सोवळ्याच्या फजितीवर हसतात आणि सर्वांत अधिक स्वतःवर हसतात. जुन्या धर्मातील माणसांविषयी त्यांच्या लेखनात तुच्छता नाही आणि नव्या धर्मातील माणसांविषयी भाबडेपणा नाही. आपणही चुकलो, तरी आपल्यावर प्रेम केले गेले, या जाणिवेतून आलेला हा समतोल आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्र ज्याला कृपा म्हणते ते येथे संज्ञा म्हणून अवतरत नाही, निवेदकाच्या स्वरात मुरलेले आढळते. पदमनजींची श्रद्धा कथानकात दिसते, रमाबाईंची शब्दनिवडीत, टिळकांची छंदात. लक्ष्मीबाईंची श्रद्धा केवळ सुरात आहे, म्हणून ती वेगळी काढून दाखविता येत नाही आणि म्हणूनच श्रद्धाहीन वाचकासही ती अडवीत नाही.

येथे श्रोत्याचे स्थानही अखेरचे वळण घेते. ‘स्मृतिचित्रां’चा श्रोता शिष्य नाही, प्रवासी नाही, सहगायकही नाही. तो घरी आलेला पाहुणा आहे. त्याला काही पटवून द्यायचे नाही. सांगणारीने आपली चूक मोकळेपणाने सांगितली की ऐकणाऱ्याला स्वतःची आठवावी, एवढाच त्या कथनाचा व्यवहार. गुरुचरित्रात फलश्रुती शब्दांत सांगितलेली असते. या गद्याची फलश्रुती न सांगता घडते.

७

मराठी वाङ्मयेतिहासांत या लेखकांची व्यवस्था बहुधा दोन प्रकारे लावली गेली. एकतर ‘ख्रिस्ती मराठी वाङ्मय’ असे स्वतंत्र प्रकरण करून त्यांना एकत्र बसविले गेले, किंवा त्यांच्यापैकी जो मोठा वाटला त्याच्या ख्रिस्तीपणाची अडचण बाजूस सारून त्याला मुख्य प्रवाहात घेतले गेले. टिळक ‘फुलामुलांचे कवी’ झाले, लक्ष्मीबाई विनोदी आत्मचरित्रकार झाल्या. गंगाधर मोरजे यांच्यासारख्या अभ्यासकांनी स्वतंत्र प्रकरणाचे काम निष्ठेने केले आणि त्यामुळे पुष्कळ साहित्य प्रकाशात आले. परंतु स्वतंत्र दालन हे नेहमी दुहेरी असते. ते जतन करते आणि दूरही ठेवते. मराठी जैन साहित्याची स्थितीही याहून वेगळी नाही. सुभाषचंद्र अक्कोळे यांनी त्याचा विस्तृत अभ्यास केला, तरी सामान्य वाङ्मयेतिहासात ते परिशिष्टासारखेच वावरत राहिले.

कारंज्यासारख्या गावात ही दालने एकमेकांना लागून आहेत. तेथे उभे राहिले म्हणजे मराठी पुराणकथन हा एका धर्माचा वारसा आहे आणि इतरांनी तो उसना घेतला, ही समजूत टिकत नाही. विचारणारा आणि सांगणारा यांची चौकट अनेक धर्मांची होती. ख्रिस्ती लेखन तिच्यात सर्वांत उशिरा आले, सत्तेच्या सावलीत आले, आणि तिच्यातील श्रोत्याच्या जागेविषयी सर्वांत अस्वस्थ प्रश्नही त्याच्यातूनच निघाले. ही दोन्ही विधाने एकत्र केल्याशिवाय या लेखनाचे मूल्यमापन न्याय्य होणार नाही. केवळ पहिले पाहिले तर रमाबाई आणि लक्ष्मीबाई दिसत नाहीत. केवळ दुसरे पाहिले तर साष्टीतील पाडलेली देवळे दिसत नाहीत.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. २०२० मधील उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा त्यांच्या पाद्री असण्यावरून विरोधाचे सूर उमटले. ‘सुबोध बायबल’चे कर्ते असलेले दिब्रिटो २०२४ मध्ये निवर्तले. त्या वादात त्यांच्या लेखनाची चर्चा थोडी आणि त्यांच्या झग्याची अधिक झाली. चारशे वर्षांपूर्वी साष्टीतल्या श्रोत्याने, आमच्या भाषेत आमच्यासाठी काही का नाही, असे विचारले होते. त्याला मिळालेली उत्तरे मराठीच्या पोथ्यांत, अभंगांत आणि आठवणींत साठलेली आहेत. ती मराठीची उत्तरे म्हणून ऐकावयाची की परक्यांची म्हणून, हा निर्णय आता वाचकाच्या आसनावर बसलेल्यांनी घ्यावयाचा आहे.